सिग्मा डेल्टा पाय: कॅम्पसवरच्या स्पॅनिश ऑनर सोसायटीबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत शिकायला आलेली आणि इथेच वाढलेली मराठी मुलंमुली मला हे प्रश्न सारखे विचारतात, कारण आमच्या युनिव्हर्सिटीतल्या चॅप्टरच्या, म्हणजे सोसायटीच्या इथल्या शाखेच्या, कार्यक्रमांचं काम मी बघते. प्रत्येकाला वेगळा मेसेज टाइप करण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतेय. काही उत्तरं लांबलीत, त्याला इलाज नाही, विषयच तसा आहे.

हे नक्की आहे काय? फ्रॅटर्निटी, म्हणजे मुलांचा एकत्र राहायचा क्लब, आहे का?

नाही. ग्रीक अक्षरांचं नाव घरी फोनवर सांगितलं की आईबाबांच्या डोळ्यासमोर सिनेमातल्या पार्ट्या येतात, पण इथे ना राहायचं घर, ना पार्ट्या, ना रॅगिंग. ही ऑनर सोसायटी आहे, म्हणजे एखाद्या विषयात चांगला अभ्यास केलेल्या विद्यार्थ्यांना त्यांचं डिपार्टमेंटच बोलावून सभासद करून घेतं. अमेरिकेत अशा सोसायट्या भरपूर विषयांच्या आहेत आणि ग्रीक नाव ठेवायची पद्धत पार १७७६ च्या फाय बीटा कप्पा या सोसायटीपासूनची आहे.

स्पॅनिशची ही सोसायटी १४ नोव्हेंबर १९१९ ला कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या बर्कली कॅम्पसवर सुरू झाली. काळ बघा, पहिल्या महायुद्धामुळे अमेरिकेत जर्मन शिकवणं एकदम कमी झालं, स्पॅनिशचे वर्ग भरायला लागले, १९१७ ला स्पॅनिश शिक्षकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि दोनच वर्षांत ही. आज देशभर सहाशेच्या वर चॅप्टर आहेत. रंग लाल आणि सोनेरी, फूल लाल कार्नेशन, आणि चिन्ह म्हणजे स्पेनच्या फर्नांडो आणि इसाबेल या राजाराणीची राजमुद्रा. एवढी माहिती आजीआजोबांना सांगायला पुरे.

सभासद कोण होऊ शकतं?

स्वतःहून फॉर्म भरून होता येत नाही, डिपार्टमेंटकडून आमंत्रण यावं लागतं. बॅचलर्स करणाऱ्यांसाठी ढोबळ अटी अशा: कॉलेजच्या पातळीवरचं तीन वर्षांचं, म्हणजे सहा सेमिस्टरचं स्पॅनिश किंवा तेवढ्या तोडीचा अभ्यास, त्यात तिसऱ्या वर्षाच्या पातळीचा साहित्याचा किंवा संस्कृतीचा निदान एक कोर्स, स्पॅनिशच्या सगळ्या कोर्सेसमधे किमान ३.० जीपीए (४ पैकी सरासरी ग्रेड), कॉलेजची तीन सेमिस्टर पूर्ण, आणि आपल्या वर्गात वरच्या ३५ टक्क्यांत नंबर. मास्टर्स-पीएचडीवाल्यांसाठी स्पॅनिशचे दोन ग्रॅज्युएट कोर्स चांगल्या ग्रेडने झालेले लागतात.

सहा सेमिस्टर ऐकून घाबरू नका. हायस्कूलमधे एपी (कॉलेजच्या पातळीचं) स्पॅनिश केलं असेल किंवा प्लेसमेंट टेस्ट देऊन वरच्या लेव्हलला गेला असाल तर खालच्या लेव्हल्स तोडीच्या धरल्या जातात, त्यामुळे बरीच मुलं दुसऱ्या वर्षाच्या शेवटीच पात्र होतात. ॲडव्हायझर, म्हणजे चॅप्टर बघणारे प्राध्यापक, काही वेळा नाव सुटू देतात कारण मेजरची (मुख्य विषय स्पॅनिश असलेल्यांची) यादीच त्यांच्यासमोर असते आणि तुम्ही मायनरला (दुय्यम विषयाला) असता, तेव्हा आपण पात्र आहोत असं वाटलं तर ऑफिस अवर्समधे जाऊन सरळ विचारा, त्यात आगाऊपणा काही नाही.

मी कॉम्प्युटर सायन्सला आहे. स्पॅनिश मेजर नाही. चालतं?

चालतं. मेजर किंवा मायनर असायलाच पाहिजे अशी अट नाही, कोर्सेस आणि ग्रेड महत्त्वाचे. आमच्याकडे नर्सिंगची, बायोलॉजीची, सिव्हिल इंजिनिअरिंगची मुलं आहेत आणि खरं सांगायचं तर कार्यक्रमांना सगळ्यात आधी येऊन खुर्च्या लावणारी तीच असतात, कारण दिवसभर लॅबमधे असलेल्या माणसाला संध्याकाळी स्पॅनिश बोलायला मिळणं म्हणजे सुट्टीच.

पण आपण मराठी. त्या सोसायटीत आपलं काय काम? लोक बघत नाहीत का, ही इथे कशाला?

हा प्रश्न इतक्या जणांनी, तोही इतका हळू आवाजात विचारलाय की जरा सविस्तर लिहिते. सोसायटी वंशावर किंवा नागरिकत्वावर चालत नाही, अभ्यासावर आणि आवडीवर चालते. स्टुडंट व्हिसावर असाल तरी काही अडचण नाही, ही नोकरी नाही. कॅम्पसवरच्या लॅटिनो विद्यार्थी संघटना वेगळ्या असतात, त्या त्या समाजाच्या स्वतःच्या असतात, तिथे आपण पाहुणे. इथे मात्र तुम्ही अभ्यासाने आलेले सभासद आहात, पूर्ण हक्काने.

आणि नातं शोधायला लांब जायला लागत नाही. ओक्तावियो पाझ, मेक्सिकोचे कवी, १९९० चं नोबेल, हे १९६२ ते १९६८ दिल्लीत मेक्सिकोचे राजदूत होते, ऑक्टोबर १९६८ मधे मेक्सिको सिटीत सरकारने विद्यार्थ्यांवर गोळ्या चालवल्या तेव्हा त्यांनी निषेध म्हणून ते पद सोडलं. भारतावर त्यांनी भरभरून लिहिलंय. कवितावाचनाला आम्ही त्यांच्या भारतातल्या कविता घेतो तेव्हा त्यातली ठिकाणं, झाडं, देवळं समजावून सांगायला आपलाच माणूस लागतो, आणि समोरची कोलंबियाची मुलगी विचारते, हा पिंपळ म्हणजे नेमकं कसलं झाड गं? ही देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी चालते म्हणून मला या कामाचं एवढं अप्रूप आहे.

ज्यांच्या घरी स्पॅनिश बोलतात त्यांना हे सगळं आयतंच मिळतं ना?

असं अजिबात समजू नका. घरी आजीशी स्पॅनिश बोलणारी पण कधी स्पॅनिशमधून निबंध न लिहिलेली मुलं खूप आहेत, त्यांना ॲक्सेंटचे टिंबरेषे आणि फॉर्मल लिहिणं नव्याने शिकायला लागतं, आणि वर लोक म्हणतात तुला काय सोपंय. अमेरिकेत वाढलेल्या मराठी मुलांना हे लगेच कळेल, घरी अस्खलित मराठी आणि देवनागरीत चार ओळी लिहायला सांगितल्या की हात अडतो. अशा मुलांच्या इंग्रजीमिश्रित स्पॅनिशला कुणी हसायचं नाही हा आमच्या चॅप्टरचा पाळलेला नियम आहे.

फी किती? दरवर्षी भरायची का?

एकदाच. राष्ट्रीय कार्यालयाची प्रवेश फी असते, त्यावर चॅप्टर थोडे पैसे घेऊ शकतं, आणि सभासदत्व आयुष्यभराचं. आकडा बदलत राहतो म्हणून ॲडव्हायझरलाच विचारा, आणि पैशाची अडचण असेल तर तेही मोकळेपणाने सांगा, काही डिपार्टमेंट्स मदत करतात.

एक सावधगिरी. "अभिनंदन, तुमची निवड झाली आहे" असे पैसे मागणारे ईमेल विद्यार्थ्यांना ढिगाने येतात. ओळखायचं साधं आहे: खरं आमंत्रण तुमच्याच कॅम्पसवरच्या, तुम्हाला शिकवणाऱ्या किंवा ओळखणाऱ्या प्राध्यापकाकडून येतं. शिवाय १९२५ पासून चालू असलेली कॉलेज ऑनर सोसायट्यांची एक असोसिएशन आहे, तिच्या यादीत नाव आहे का बघा. सिग्मा डेल्टा पाय त्यात आहे.

प्रवेशाच्या समारंभात काय असतं?

बहुतेक वसंतात असतो, काही चॅप्टर शरदात पण करतात. सगळा स्पॅनिशमधून. आमच्याकडे डिपार्टमेंटच्या लायब्ररीत करतो, मेणबत्त्या, लाल कार्नेशन, नवीन मेंबर नाव पुकारलं की पुढे येऊन वहीत सही करतो. ती वही मला फार आवडते, जुन्या पानांवर फाउंटन पेनच्या सह्या आहेत, कुठे शाई पसरलीये, आणि त्याच कागदावर खाली आपलं कुलकर्णी नाहीतर पाटील लिहायला मिळतं. घरच्यांना बोलवा. स्पॅनिश कळलं नाही तरी बिघडत नाही, मेंबरांपैकी कुणीतरी शेजारी बसून हळूच सांगतं. ग्रॅज्युएशनला गाऊनवर लाल-सोनेरी दोर घालता येतो, त्याची ऑर्डर वेळेत द्या, मे महिन्यात शोधाशोध करू नका.

मेंबर झाल्यावर करायचं काय? की नुसतं सर्टिफिकेट?

नुसतं सर्टिफिकेट घेऊन गप्प बसणारेही असतात, चालतं, कुणी काढून टाकत नाही. पण माझं स्पष्ट मत आहे की खरी गोष्ट कॅम्पसवरचे कार्यक्रम हीच आहे, कारण वीस देशांची अधिकृत भाषा आणि तिच्यातलं सगळं जगणं हे नुसतं वर्गातल्या क्रियापदांच्या तक्त्यात मावत नाही.

सप्टेंबरमधे हिस्पॅनिक हेरिटेज मंथ. १९६८ ला आठवडा म्हणून सुरू झाला, १९८८ च्या कायद्याने महिना झाला, आणि १५ सप्टेंबरला सुरू होऊन १५ ऑक्टोबरला संपतो. लोकांना हे विचित्र वाटतं, महिना मधेच कसा सुरू, तर १५ सप्टेंबर हा कोस्टा रिका, एल साल्वादोर, ग्वाटेमाला, होंडुरास आणि निकाराग्वा या पाच देशांचा स्वातंत्र्यदिन आहे, १८२१ चा, लगेच १६ ला मेक्सिकोचा आणि १८ ला चिलेचा. मग नोव्हेंबरच्या सुरुवातीला दिया दे लोस मुएर्तोस, त्यावर खाली वेगळं लिहिलंय. डिसेंबरमधे लास पोसादास, हा नाताळाआधीचा मेक्सिकन सण, खरं तर १६ ते २४ तारखेचं असतं पण तोवर परीक्षा संपून कॅम्पस रिकामा होतो म्हणून आम्ही पहिल्याच आठवड्यात करतो, काठीने फोडायची सात टोकांची कागदी पिन्याता स्वतः बनवतो, वर्तमानपत्राचे तुकडे पिठाच्या खळीत बुडवून फुग्यावर चिकटवायचे आणि वाळायला चांगले दोनतीन दिवस द्यायचे, घाई केली की ती पहिल्याच काठीला फुटते.

वसंतात सिनेमा, नाच आणि कविता. सिनेमाबद्दल एक लक्षात ठेवा, आपल्या घरच्या अकाउंटवरून कॅम्पसच्या हॉलमधे सिनेमा दाखवता येत नाही, सार्वजनिक प्रदर्शनाचे हक्क लागतात, लायब्ररीत विचारलं की त्यांच्याकडे असे हक्क असलेले बरेच सिनेमे निघतात. नाचात बाचाता आणि मेरेंगे डोमिनिकन रिपब्लिकचे, कुंबिया कोलंबियाची, फ्लामेंको स्पेनमधल्या आंदालुसियाचं, आणि हे सगळं "लॅटिन डान्स" अशा एका बोर्डाखाली कोंबलं की मला राग येतो. पोस्टरवर देशाचं नाव लिहा, दोन शब्दांचं काम आहे. २३ एप्रिल हा संयुक्त राष्ट्रांचा स्पॅनिश भाषा दिन, स्पॅनिश लेखक सेर्वान्तेसच्या स्मृतीशी जोडलेला. त्या दिवशी त्याच्या डॉन किहोते या कादंबरीचं आळीपाळीने मोठ्याने वाचन करतो, जो येईल त्याने एक पान. माद्रिदला असं सलग वाचन १९९७ पासून दर एप्रिलमधे होतं, आमचं त्या मानाने छोटं, लॉनवर, दुपारभर.

दिया दे लोस मुएर्तोस (मृतांचा दिवस) म्हणजे मेक्सिकन हॅलोविन ना?

नाही, आणि कृपा करून पोस्टरवर तसं लिहू नका. हॅलोविन ३१ ऑक्टोबरला, घाबरवायचं आणि चॉकलेटं गोळा करायची. हे १ आणि २ नोव्हेंबरला, आपली गेलेली माणसं घरी येतात म्हणून त्यांच्या स्वागताची तयारी. परंपरेने १ तारीख लहान मुलांच्या आत्म्यांची, २ मोठ्यांच्या. युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे. पितृपक्ष माहीत असलेल्या घरातल्या मुलांना याचा गाभा समजावून सांगावा लागत नाही, फक्त इथे रंग, गाणी आणि हसणं भरपूर आहे हे बघून सुरुवातीला नवल वाटतं.

ओफ्रेंदा कशी मांडायची? आम्हाला आमच्या डिपार्टमेंटमधे करायचीये.

ओफ्रेंदा म्हणजे गेलेल्या माणसांसाठी त्या दिवशी मांडतात ती वेदी. आधी परवानगी, मग माणसं, मग सामान, या क्रमाने जा. कॅम्पसच्या इमारतीत खऱ्या मेणबत्त्या आणि धूप बहुतेक ठिकाणी बंद असतो, म्हणून बॅटरीच्या मेणबत्त्या, आणि कोपाल (धुपासारखा राळेचा खडा) जाळायचा असेल तर बाहेर अंगणात. माणसं म्हणजे मेक्सिकन-अमेरिकन विद्यार्थी संघटनेशी आधी बोला, त्यांची ओफ्रेंदा होत असेल तर वेगळी दुसरी मांडू नका, त्यांच्या हाताखाली काम करा. ते मनापासून बोलावतात, पण ठरवू त्यांना द्या.

मांडणी पायऱ्यांची. आम्ही तीन फोल्डिंग टेबलं आणि त्यावर पुस्तकांची खोकी ठेवून वरून कापड टाकतो. सगळ्यात वर फोटो. खाली पाण्याचा पेला, कारण लांबून आलेला माणूस तहानलेला असतो, वाटीत मीठ, फळं, आणि पान दे मुएर्तो, संत्र्याच्या सालीचा वास असलेला गोल गोड पाव, वर हाडांच्या आकाराच्या कणकेच्या पट्ट्या आणि साखर. मेक्सिकन बेकरीत ऑक्टोबरच्या शेवटी मिळतो, आधी सांगून ठेवावा लागतो. त्या माणसाला आवडणारं काहीही ठेवता येतं. एका मुलीने तिच्या आजोबांचा डॉमिनोचा डबा ठेवला होता. मागच्या वर्षी एका मराठी ज्युनियरने विचारलं माझ्या आजीचा फोटो ठेवला तर चालेल का, आणि ज्या मुलांची ती परंपरा त्यांनीच जागा करून दिली, मग त्याने फोटोसमोर तपकिरीची डबी ठेवली, आणि डबीत काय आहे हे बघायला निम्मं डिपार्टमेंट जमलं.

वर लटकतात ते कातरलेले कागद, पापेल पिकादो. पातळ रंगीत कागदाचे थर एकावर एक ठेवून छिन्नीने कोरतात, पुएब्ला राज्यातलं सान साल्वादोर उइक्सकोलोतला हे गाव या कामासाठी प्रसिद्ध आहे. आम्ही टिश्यू पेपर घडी घालून कात्रीने कापतो. अणकुचीदार छोटी कात्री घ्या आणि घडीच्या बाजूने अर्धी नक्षी काढा, मोठी कात्री घेतली की कागद चुरगळतो.

आणि फुलं. जमिनीपासून ओफ्रेंदापर्यंत पाकळ्यांची वाट करतात, रंग आणि वासावरून आत्म्यांना रस्ता सापडतो म्हणून. ते फूल म्हणजे सेंपासुचिल, म्हणजे आपला झेंडू! दसऱ्याला दारावर लावतो तोच, मूळचा मेक्सिकोचा, तिथून जहाजांनी जगभर गेला आणि आपल्या तोरणात असा बसला की तो बाहेरून आला हे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. उत्तरेकडच्या राज्यांत नोव्हेंबरपर्यंत थंडीने बागेतली झाडं मरतात, तेव्हा मेक्सिकन दुकानात बघा, आणि दिवाळी जवळ आलेली असते म्हणून इंडियन ग्रोसरीतही मिळतो. देठ किती ठेवायचा, सुई फुलाच्या बरोब्बर मधून कशी घालायची, दोरा ओला का करायचा हे आपल्या मुलामुलींना हातानेच माहीत असतं. आमच्याकडे माळा करायचं काम गेली काही वर्षं मराठी आणि गुजराती मुलांकडेच आहे आणि मेक्सिकन मुलं शेजारी बसून पाकळ्या सोडवतात. कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळचं हे काम चुकवू नका.

संपल्यावर पाव आणि फळं तिथेच वाटून खायची. फोटो मात्र ज्याचे त्याला त्याच संध्याकाळी हातात परत द्यायचे, टेबलावर सोडून जायचे नाहीत.

सिंको दे मायोला मोठा कार्यक्रम का करत नाही?

तो मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन नाही. ५ मे १८६२ ला पुएब्लाच्या लढाईत जनरल इग्नासियो सारागोसाच्या फौजेने फ्रेंच सैन्याला हरवलं, त्याची आठवण. स्वातंत्र्यदिन १६ सप्टेंबर, १८१० मधे दोलोरेस गावात मिगेल इदाल्गो या पाद्र्याने दिलेल्या हाकेचा. अमेरिकेत ५ मे म्हणजे दारूच्या जाहिराती झाल्यात, आणि तेव्हा आमच्या फायनल्सही असतात. आम्ही एक दुपारचं व्याख्यान ठेवतो, बस.

सोम्ब्रेरो (रुंद काठाची मेक्सिकन टोपी) आणि खोट्या मिशा लावून फोटो बूथ ठेवला तर? गर्दी होईल.

गर्दी होईल पण नको. उद्या कुणी "इंडियन नाइट" म्हणून सगळ्यांना प्लॅस्टिकचे फेटे आणि चिकटवायच्या टिकल्या वाटल्या तर आपल्याला जे वाटेल तेच. फोटोसाठी काही हवंच असेल तर ओफ्रेंदासमोर उभं राहू द्या.

हिस्पॅनिक म्हणायचं की लॅटिनो?

ढोबळमानाने, स्पॅनिश भाषेशी नातं असलेले हिस्पॅनिक, लॅटिन अमेरिकेतले लॅटिनो. स्पेनचा माणूस पहिल्यात येतो, दुसऱ्यात नाही. ब्राझीलचा दुसऱ्यात येतो, पहिल्यात नाही. आफ्रिकेतला इक्वेटोरियल गिनी लोक विसरतात, तिथेही स्पॅनिश अधिकृत आहे. पण समोरचा स्वतःला पेरूचा म्हणत असेल तर पेरूचा म्हणा, एवढं साधं ठेवा.

माझं बोलणं कच्चं आहे. तेर्तुलियाला येऊ का?

या ना! तेर्तुलिया म्हणजे आपला कट्टाच, दर आठवड्याला कॅफेटेरियाच्या कोपऱ्यातल्या टेबलावर, मेंबर असायची गरज नाही. पहिल्या दिवशी नुसतं ऐकलं तरी चालतं. चूक कुणी मधेच सुधारत नाही, विचारलं तरच. स्पेनवाला, अर्जेंटिनावाली आणि मेक्सिकोचा असे तिघं एका टेबलावर असले की एकाच पदार्थाला तीन नावं निघतात आणि पुस्तकातल्यापेक्षा जास्त तिथे शिकायला मिळतं.

स्कॉलरशिप, रेझ्युमे, काही फायदा?

आहे. परदेशी स्पॅनिशभाषक देशांत उन्हाळी अभ्यासासाठी सोसायटी दरवर्षी काही शिष्यवृत्त्या देते, स्पर्धा असते पण अर्ज करणारे फक्त मेंबर. चांगलं काम करणाऱ्या विद्यार्थी मेंबरसाठी गाब्रिएला मिस्त्रालच्या नावाचा पुरस्कार आहे, १९४५ चं साहित्याचं नोबेल मिळवणारी चिलेची कवयित्री, लॅटिन अमेरिकेतली पहिली. रेझ्युमेवर एक ओळ येते, आणि मुलाखतीत लोक त्या ओळीबद्दल विचारतात तेव्हा सांगायला काहीतरी केलेलं हवं. आमची नर्सिंगची मुलं शनिवारी गावातल्या लायब्ररीत लहान मुलांना स्पॅनिश-इंग्रजी गोष्टी वाचून दाखवतात, त्यांना सांगायला कायम असतं.

मी पुण्यात शिकतेय. भारतात आहे का हे?

सोसायटीचं काम अमेरिकेतल्या कॉलेजांमधून चालतं. पण स्पॅनिश शिकायला पुण्यात अडचण नाही, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमधे आहे. दिल्लीत इन्स्तितुतो सेर्वान्तेस या स्पेनच्या सरकारी भाषासंस्थेचं केंद्र आहे. देले ही स्पॅनिशची परीक्षा ए-१ ते सी-२ अशा सहा पातळ्यांची असते, पुढे इकडे शिकायला यायचं असेल तर ते सर्टिफिकेट प्लेसमेंटच्या वेळी दाखवता येतं. आणि ओफ्रेंदा, कविता, तेर्तुलिया यातलं काहीही करायला ग्रीक अक्षरं लागत नाहीत, चार जणी जमलात की तेर्तुलिया सुरू.

आमच्या कॉलेजात चॅप्टरच नाहीये.

आधी खात्री करा, बऱ्याच ठिकाणी चॅप्टर असतं पण ॲडव्हायझर रिटायर झाल्यावर झोपलेलं असतं. डिपार्टमेंटच्या सेक्रेटरीला विचारा, कपाटात जुनी सनद आणि वही सापडू शकते, आणि जुनं जागं करणं नवीन काढण्यापेक्षा सोपं. खरंच नसेल तर चार वर्षांची डिग्री देणाऱ्या कॉलेजातून अर्ज करता येतो, पण तो विद्यार्थ्यांनी नाही, स्पॅनिशच्या प्राध्यापकाने पुढाकार घेऊन करायचा असतो. म्हणून आधी एक प्राध्यापक गाठा, बरोबर पात्र मुलांची नावं आणि वर्षभरात करायच्या तीनचार कार्यक्रमांचा कागद घेऊन जा. सप्टेंबरमधे गेलात तर त्यांच्याकडे वेळ असतो, नोव्हेंबरनंतर पेपर तपासणी सुरू होते.